शीड, सुंभ आणि शिराळी

आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. घरामागे पूर्वी ऐसपैस परसू होतं आणि पावसाळ्यात त्यात सासूबाईंचा मोठा मांडव असायचा, इकडे माटव म्हणतात, सुरूचे वासे उभे करून वर आडव्या काठ्या आणि त्यावर शिराळी (घाटावर दोडका म्हणतात ती), पडवळ, कारली, दुधी सगळ्यांचा एकच गुंता. खाली उभं राहून हात वर केला की भाजी हातात. मग आम्ही पर्यटकांसाठी दोन रूम काढल्या, रूम आल्या म्हणजे गाड्या आल्या, गाड्या आल्या म्हणजे पार्किंग आलं, आणि एक दिवस लक्षात आलं की परसू संपलं. उरली ती घराची पश्चिमेची भिंत आणि चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची दगडी भिंत) यांच्या मधली पट्टी, रुंदी चार फूट, लांबी पंचवीस फूट. त्यात माटव काय घालणार.

आणि बरोबर त्याच वर्षी रूमवर आलेले लोक विचारायला लागले, ताई भाजी घरची का हो? मी मालवणच्या बाजारातून आणलेली शिराळी चिरत हो म्हणायचे नाही, नुसती हसायचे, पण ते लागलं मनाला.

मग रात्री मोबाईलवर रील बघून बघून ठरवलं की वेल आडवे नाही, उभे वाढवायचे. भिंतीसारखी जाळी, त्यावर वेल, जागा शून्य. व्हर्टिकल गार्डनिंग. त्या रीलमध्ये सगळं इतकं छान दिसतं ना, पांढरी जाळी, हिरवी काकडी, बाई पण छान साडी नेसलेली. फक्त त्यात पाऊस नसतो.

पहिलं वर्ष म्हणजे २०२४. गडग्याला लागून सहा वासे पुरले, आठ फूट उंच, बुंध्याला डांबर फासलं वाळवी लागू नये म्हणून (हे एक काम मी बरोबर केलं), आणि शेजारच्या दादांकडून बांगड्याचं जुनं जाळं फुकट आणून ताणून बांधलं. इकडे जुन्या जाळ्यांना तोटा नाही. नवऱ्याने पण मदत केली, झिप टाय लावले, पंचवीस फुटांची आठ फुटी भिंत तयार, एकदम टाईट. सासूबाई पडवीतून बघत होत्या. म्हणाल्या, "ह्या काय बांधलंस गो, मासे चडतले काय हेच्यार?" मी हसले. मग जरा वेळाने परत म्हणाल्या, "होडी नाय आनि शीड मात्र उभारलंस." मी म्हटलं बघा तुम्ही, गणपतीला घरची भाजी खायला घालते.

मृगाचा पाऊस पडल्यावर बिया लावल्या. पंचवीस फुटात बावीस आळी, कारण माझ्या डोक्यात गणित असं की वेल वरच जाणार आहे तर खाली जागा कशाला पाहिजे, फुटाफुटावर लावू. हे गणित किती चुकलं ते नंतर कळलं. वेल उभा केला म्हणून मुळं काय उभी होत नाहीत, त्यांना पसरायला माती लागतेच, आणि आमची माती म्हणजे अर्धी पुळणीची वाळू, वर टाकलेली तांबडी माती आणि टोपलीभर शेणखत. बावीस वेल त्या चार फुटात एकमेकांच्या ताटातलं ओढून खात होते. पानं पिवळी, पेरं लांब लांब, फुलं सगळी नर. आणि वरून पागोळ्या. छपराच्या पागोळ्या बरोब्बर त्या पट्टीत पडायच्या, मालवणी पाऊस म्हणजे नळ सोडल्यासारखा, दोन आळ्यांतली माती धुऊन मुळं उघडी पडली तेव्हा मला कळलं की पागोळ्या कुठे पडतात हे पावसाळ्यापूर्वी बघायला पाहिजे होतं. तीस वर्षांच्या घरात राहून नाही बघितलं.

तरी वेल चढले बरं का. ते तणावे बघायला मला अजून मजा येते, आधी सरळ हवेत चाचपडतात, काहीतरी बारीक सापडलं की गुंडाळी मारतात आणि मग उरलेला तणावा स्प्रिंगसारखा आकसतो आणि वेलाला ओढून घेतो. पण बारीक पाहिजे. नवऱ्याने मध्ये मध्ये जाड पीव्हीसी पाईप लावले होते त्याला एक तणावा धरेल तर शपथ, पाईपावरून सगळे घसरत होते. जाळ्याला मात्र मस्त धरलं. महिन्याभरात हिरवी भिंत झाली आणि मी फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला.

तो फोटो टाकल्यानंतर पाच-सहा दिवसांनी, जुलैचा दुसरा आठवडा असेल, रात्री वारा सुटला. दर्यावरून येणारा वारा आमच्याकडे पावसाळ्यात नैऋत्येकडून पश्चिमेकडून येतो आणि माझी भिंत बरोबर त्याच्या तोंडावर, आडवी. जाळं नुसतं होतं तेव्हा वारा आरपार जात होता, पण पानांनी भरल्यावर ते खरंच शीड झालं. रात्री दोन वाजता कडकड आवाज आला. सकाळी बघितलं तर चार वासे मुळापासून कलंडलेले, दोन मोडलेले, आणि ती सगळी भिंत घराच्या भिंतीवर टेकून पडलेली, वेलांचे बुंधे पिळवटलेले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जे वाचलं ते तसंच वर ओढून बांधलं. त्या वर्षी एकूण सहा शिराळी मिळाली, त्यातली तीन जाळ्यात अडकून. म्हणजे असं की कोवळं शिराळं जाळ्याच्या डोळ्यातून पलीकडे गेलं आणि मग फुगलं, मध्ये कंबर आणि दोन्हीकडे जाड, डमरूसारखं, काढायचं तर जाळं कापायला लागलं. बांगड्याच्या जाळ्याचे डोळे दोन बोटांचे, भाजीला निदान अख्खा हात आत जाऊन बाहेर येईल एवढा डोळा पाहिजे. आणि त्याहून वाईट म्हणजे ऑगस्टमध्ये एक धामण अडकली. खालच्या बाजूला जाळं मातीला टेकलेलं होतं, उंदरामागे आली असेल, जेवढी सुटायला बघत होती तेवढी आवळत होती. नवऱ्याने कात्रीने एकेक दोरा कापला, मी काठीने डोकं लांब धरून उभी, अर्धा तास. सुटली आणि गडग्यात गेली. त्या दिवशीच जाळं काढायचं ठरलं. पण काढायला गेलो तर सुकलेल्या वेलांचे तणावे त्याला असे बसलेले की नायलॉन आणि वेल वेगळे करणं अशक्य, सगळं गुंडाळून टाकून द्यावं लागलं. फुकटचं जाळं फुकट गेलं म्हणा.

गणपती ७ सप्टेंबरला होते. भाजी बाजारातून आणली.

दुसऱ्या वर्षी मी हे करणार नव्हते खरं तर. पण एप्रिलमध्ये सासूबाईच म्हणाल्या की वाऱ्याक वाट ठेव आनि परत कर. मग आम्ही दोघी खरंच बसलो, पट्टीत उभं राहून वारा कुठून येतो, ऊन कुठून येतं, पागोळी कुठे पडते सगळं बघितलं. पुस्तकी नियम असा की वेलांची रांग उत्तर-दक्षिण ठेवावी म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही अंगांना ऊन मिळतं. आमची पट्टी उत्तर-दक्षिणच आहे, पण तसं ठेवलं की वारा छातीवर. आणि वाऱ्याच्या दिशेने पूर्व-पश्चिम लावायला जागाच चार फूट. म्हणजे रांग फिरवता येत नाही, तर मग काय फिरवायचं?

उत्तर निघालं ते असं की उभी भिंत करायचीच नाही, तिरकी करायची. वाशांचे बुंधे गडग्याच्या पायाशी आणि शेंडे घराच्या भिंतीकडे झुकवून वळचणीखालच्या आडव्या बांबूला बांधायचे. वारा येतो तो गडग्यावरून त्या उतारावर चढून वर निघून जातो, समोरून ढकलत नाही. आणि सलग पंचवीस फूट न करता तीन तुकडे केले, मध्ये तीन-तीन फुटांच्या फटी सोडल्या. उंची पण सहा फुटांवर आणली, नाहीतरी माझा हात तेवढाच पोचतो. याचा एक फायदा मला आधी सुचलाच नव्हता, तिरकं असल्यामुळे फळं आतल्या बाजूला खाली लोंबतात, म्हणजे पानात लपत नाहीत आणि भिंत आणि वेल यांच्या मधल्या बोळात उभं राहून काढता येतात. सासूबाई पूर्ण झाल्यावर आल्या, खाली उभ्या राहिल्या, वर बघितलं, "ह्यो तर माटवच. जरा कलंडलो इतक्याच."

जाळ्याऐवजी सुंभ घेतला. काथ्याची दोरी हो, नारळाच्या सोडणाची. वरच्या बांबूपासून खालच्या बांबूपर्यंत वीतभर अंतरावर उभ्या दोऱ्या, बस. खरबरीत असल्यामुळे वेल घसरत नाही, खाऱ्या हवेत गंजत नाही (पहिल्या वर्षीची बांधायची बारीक तार ऑगस्टपर्यंत तुटायला आली होती), आणि हंगाम संपला की वेलासकट कापून खड्ड्यात टाकायचा, कुजतो. वेल दोरीला बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, सैल आठाच्या आकड्यासारख्या, कारण नायलॉनची सुतळी वाऱ्यात हलून हलून बुंधा कापते. पहिल्या वर्षी वासे, पाईप, झिप टाय धरून जवळपास दोन हजार गेले होते, दुसऱ्या वर्षी सातशेच्या आत भागलं, वासे अर्धे जुनेच होते म्हणून.

खाली चिऱ्यांचा एक थर लावून वाफा वीतभर उंच केला, पन्हळ लावून पागोळीचं पाणी दुसरीकडे काढलं. आणि आळी बावीसवरून नऊ. अडीच-अडीच फुटांवर. हे करताना हात खूप धजत नव्हता, नऊच? पण नऊच. तीन शिराळी, दोन पडवळ, दोन कारली, दोन तवशी (पावसाळी मोठी काकडी). दुधी नाही लावला, तो एकटाच सगळी पट्टी खाईल, तो मांगराच्या (घराबाहेरच्या शेडच्या) कौलांवर सोडला. भोपळा पण तिकडेच. ज्याचं फळ हातात मावत नाही त्याला दोरीवर चढवायचं नाही असा मी नियम केला आणि तवशासाठी लगेच मोडला, कारण गणपतीला तवसं पाहिजेच.

बियाणं या वेळी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वाणांचं मिळवलं, शिराळ्याचं कोकण हरिता, कारल्याचं कोकण तारा, पडवळाचं कोकण श्वेता. तवशाचं मात्र सासूबाईंच्या डब्यातलं, राखेत ठेवलेलं. १५ मेच्या सुमारास पडवीत कागदी कपात लावलं (रूमवाल्यांच्या चहाचे कप, धुऊन ठेवलेले), कारण २०२५ चे गणपती २७ ऑगस्टला, मृगाची वाट बघत बसले असते तर पोचलंच नसतं. कारल्याची बी आदल्या रात्री भिजत घातली, तिचं कवच कडक असतं. आणि बघा नशीब, त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, २५ मेला मान्सून देवगडला पोचला म्हणून बातम्यांत सांगितलं, त्याच्या आधीपासूनच धो धो चालू होता. परसवातली उघड्यावर लावलेली लोकांची रोपं कुजली, माझी पडवीत कपात होती म्हणून वाचली. हे काही माझं शहाणपण नाही. जूनच्या सुरुवातीला एक उघडीप मिळाली तेव्हा कपाचा तळ कापून कपासकट लावली, या वेलांना मुळं हलवलेली आवडत नाहीत.

रोपं लहान असताना लाल भुंगेरे आले, पानांची चाळण करतात. सकाळी दव असताना चुलीतली राख भुरभुरवली, पाऊस आला की धुऊन जायची, परत भुरभुरवायची. दहा-बारा दिवस असंच. खत म्हणून एकदा मी शहाणपणा करून सुंगटांची (कोळंबीची) सालं आळ्यात पुरली, रात्रीतून वाडीतल्या सगळ्या मांजरांनी वाफा उकरला आणि एक पडवळाचं रोप गेलं. दहाव्या कपातलं राखीव रोप त्या जागी लावलं. पुरायचीच तर हातभर खोल पुरावी आणि वर चिरा ठेवावा.

आता फुलांचं. हे जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला हे चाळिशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हतं. एकाच वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादीच्या मागे इवलंसं फळ असतं, नराचा नुसता देठ. आधी नर येतात, पंधरा दिवस नुसते नर गळून पडतात आणि माणूस घाबरतो. घाबरायचं नाही. पण पुढची गंमत म्हणजे जुलैच्या पावसात माश्या, भुंगे फिरत नाहीत आणि मादी फूल परागाशिवाय पिवळं पडून गळतं. मग आपण नर फूल तोडून त्याचा पराग मादीला लावायचा. कारली, तवशी सकाळी फुलतात, ते सोपं आहे. शिराळी फुलतात संध्याकाळी, पडवळ तर दिवेलागणीनंतर, त्याचं फूल बघितलं नसेल तर एकदा बॅटरी घेऊन बघा, पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांना केसांची झालर असते. आणि तिन्हीसांजेला झाडाला हात लावायचा नाही हे आमच्या घरात ठरलेलं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बघितलंच. "तिन्हीसांजेक झाडाक हात लावतंस?" मी म्हटलं, "कापूक नाय ओ आई, लगीन लावतंय." त्या गप्प झाल्या. चौथ्या दिवशी छत्री धरून बॅटरी दाखवायला स्वतः आल्या, आणि मादी फूल माझ्या आधी त्यांनाच दिसायला लागलं.

फांद्या छाटण्याचं यूट्यूबवर फार चालतं, मुख्य शेंडा खुडा, मग फुटव्याचा शेंडा खुडा, तिसऱ्या फुटव्यावर मादी फुलं जास्त येतात वगैरे. दुधीला ते मी मांगरावर करून बघितलं आणि फरक पडला. पण पट्टीत मी साधंच केलं, कमरेपर्यंतचे सगळे फुटवे काढून टाकले, दोरीच्या वरच्या टोकाला पोचल्यावर शेंडा खुडला आणि मग वरचे दोन-तीन फुटवे खाली सोडले. खालचा भाग मोकळा राहिला म्हणून वारा खेळला आणि पानं लवकर सुकली. माझ्या मते उभं-तिरकं वाढवण्याचा आमच्याकडचा खरा फायदा जागेपेक्षा हाच आहे, केवडा रोग ओल्या पानावरच वाढतो, शेजारी जमिनीवर पसरलेल्या तवशाच्या पानांवर पिवळे चट्टे जुलैमध्येच होते, माझ्याकडे ऑगस्ट अर्धा गेल्यावर आले.

फळमाशीने मात्र पुरतं फसवलं. आमच्याकडे आंब्याला लावायचा सापळा होता, तो आणून कारल्यात टांगला. दोन दिवसात भरपूर माश्या पडल्या, मी खूश. आणि कारली फोडली तर आत अळ्या. परत सापळा साफ केला, परत माश्या, परत अळ्या. शेवटी कुडाळला बियाण्याच्या दुकानात विचारलं तर त्याने विचारलं आत गंध कुठला आहे? आंब्याच्या सापळ्यात मिथाईल युजेनॉल असतं, त्याला आंब्याकडची माशी येते. वेलवर्गीय भाजीची माशी वेगळी, तिला क्यू ल्यूर लागतो. म्हणजे मी पंधरा दिवस भलत्याच माश्या मारत होते. ल्यूर बदलला, पण सापळ्यात सापडतात नुसते नर, म्हणून लहान कारल्यांना जुन्या मच्छरदाणीच्या नळकांड्या शिवून घातल्या (कागद पावसात टिकत नाही), आणि किडकी फळं खड्ड्यात न टाकता झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवली, कारण अळी मातीत जाऊन कोष करते आणि परत माशी होऊन येते. तेव्हा कुठे आठवड्याला किलोभर धड कारली मिळायला लागली.

पडवळाला दगड. हे रीलमध्ये नाही, हे सासूबाईंचं. पडवळ वीतभर झालं की टोकाला दोऱ्याने छोटा धोंडा बांधायचा, नाहीतर ते साप होऊन वेटोळं घालतं. मी आधी सुपारीएवढा बांधला, त्या म्हणाल्या लहान, लिंबाएवढा बांध. एकाला उत्साहात जास्त मोठा बांधला तर देठच तुटला. बाकीची सरळ सोट. रूमवर आलेल्या एका मुलाने खिडकीतून ते दगड लोंबताना बघितले आणि दिवसभर आईला विचारत होता की त्यांना शिक्षा का केली.

खिडक्यांवर सावली पडते म्हणून मला वाटलं होतं पाहुणे कुरकुर करतील, पण उलट पश्चिमेचं ऊन अडलं, रूम थंड राहिल्या. फक्त एका बाईंनी डास वाढलेत म्हणून सांगितलं, ते खरंही होतं.

तवशी दोन वेलांवर पाचच धरली पण मोठी, एकेक दीड किलोच्या वर. देठाला झेपणार नाही म्हणून कांद्याच्या जाळीदार पिशव्यांचे झोके करून वरच्या बांबूला टांगले, वजन बांबूवर, वेलावर नाही. वारा जुलैमध्ये परत आलाच, दोन रात्री जोरात. पहिल्या रात्री मी झोपलेच नाही. सकाळी एक दोरी तुटलेली आणि खूप पानं फाटलेली, बाकी सगळं जागेवर.

२६ ऑगस्टला माटवी (गणपतीच्या वर टांगायची चौकट) बांधताना नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे (डहाळे), कवंडळं (रानफळं) यांच्याबरोबर आमचं तवसं टांगलं, शिराळी आणि पडवळ पण. ऋषीपंचमीच्या भाजीत शिराळी घरची होती, पडवळ घरचं होतं. दुसऱ्या तवशाचं धोंडस (काकडीचा गोड पदार्थ) केलं. पाहुण्यांनी विचारलं भाजी घरची का, तर सासूबाई माझ्या आधी हो म्हणाल्या.

शिराळी एकूण चाळीसेक झाली, पडवळ सतरा. ऑक्टोबरमध्ये सुंभ वरून कापला आणि सगळं खाली गुंडाळून खड्ड्यात, अर्धा तास. एक शिराळं आणि एक तवसं बियाला ठेवलं होतं. तवशावर शेजारच्या काकी डोळा ठेवून होत्या, बी घ्यायला आल्या आणि त्या पट्टीकडे बघून म्हणाल्या की आमच्या गडग्याकडे पण अशीच जागा आहे गो, साडेतीन फूट. मी म्हटलं काकी, वारा कुठून येतो ते आधी बघा. त्यांनी बी घेतलं आणि म्हणाल्या जाळं आहे आमच्याकडे, बांगड्याचं, जुनं.

आता मी जाऊन ते जाळं आधी काढून घेणार आहे त्यांच्याकडून.